जगात जर्मनी

डॉक्टर धर्मापुरीकरांनी कापड ओढलं
तशी वसमत रोडची महिन्याभराची धूळ
आमच्याच अंगावर आली.
राखाडी. एमएच बावीस. दोन हजार अकराची.
एक लाख बारा हजार चाललेली,
त्यातली निम्मी परभणी ते नांदेड, सासुरवाडीला.
"जगात जर्मनी," डॉक्टर म्हणाले,
आणि पुढचं आम्ही तिघांनी मनातच पूर्ण केलं.

रऊफ मिस्त्रीला मी दोनशे रुपये कबूल करून आणलेलं.
तो आधी गाडीकडं बघतच नाही,
खालच्या फरशीकडं बघतो.
फरशीवर पायपुसणं होतं.
त्यानं ते बुटाच्या टोकानं सरकवलं.
खाली तेलाचा डाग, पापडाएवढा.

दोन लाख दहा.
एवढ्यात नव्या मारुतीची पुढची दोन चाकं येतात,
हे डॉक्टरांनी सांगितलं, ते खोटं नाही.
रऊफनं सांगितलं तेही खोटं नाही:
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गिअरबॉक्स अडखळतो,
पाढा विसरलेल्या पोरासारखा.
त्याचा मेंदू वेगळा मिळतो, पावणेदोन लाखाला,
पुण्याहून, पैसे आधी भरून, मिळाला तर.
टायमिंग बेल्ट कधी बदलला ते वहीत नाही.
तुटला, तर इंजिन आतल्या आत स्वतःलाच चावतं.
"मारुतीचं सामान किराणा दुकानात बी भेटंल, साहेब.
हिचं म्हणजे आधी मोबाइलवर फोटो पाठवा,
पंधरा दिवस वाट बघा,
मग कळतं, उजवीकडचं पाहिजे होतं, डावीकडचं आलं."

खिशात हिशेबाचा कागद होता.
झेरॉक्सच्या दुकानात कागदाला तोटा नाही,
फसलेल्या छपाईची मागची बाजू.
एका प्रतीला दोन रुपये, त्यातला रुपया माझा.
म्हणजे एक मेंदू म्हणजे
पावणेदोन लाख सातबारे, रहिवासी, टीसी,
पाठपोट नाही, एकेरी.
सरोजनं रात्री एवढंच विचारलेलं:
येलदरीच्या रस्त्यावर बंद पडली
तर कोण येणारंय, जर्मनीहून?

एक गोष्ट मी तिथं बोललो नाही.
अकरा साली मी शेंद्र्याला होतो.
ठेकेदाराचा माणूस, दुसरी पाळी.
डावीकडचं मागचं दार. तेवढंच.
बसवायचं, फट गेजनं मोजायची,
लावायचं, आणि ऐकायचं.
नीट बसलं तर आवाज येतो
ज्वारीच्या भरल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा.
नाहीतर नुसता पत्रा वाजतो.
सात महिने. मग ठेका संपला.
आत बसलो एकदाच,
सीटवरच्या प्लास्टिकसकट,
सुपरवायझरनं उठवेपर्यंत.

मी दार लावून बघितलं.
उघडलं. परत लावलं.
चौथ्यांदा डॉक्टर म्हणाले, "काही प्रॉब्लेम?"
उतरलं होतं. केसभर.
एवढ्या वर्षांत केसभर.
रऊफच्या पेटीतला पाना घेतला,
बिजागरीचे बोल्ट ढिले केले,
दाराखाली गुडघा दिला, उचललं, आवळलं.
लावलं.
पोतं.

"दीडला देतो," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला म्हणून."
दीड मला जमलं असतं.
नको म्हणलं. बेल्ट तेवढा बदलून घ्या,
तोवर नांदेडला नेऊ नका.
"बरं, दाराचे किती?"
मी पाना पुसत राहिलो.

येताना रऊफच्या लुनावर मागं बसलो.
रेल्वे फाटक बंद. मालगाडी, संपता संपेना.
दोनशेची नोट त्यानं दोनदा परत केली,
म्हणून मग शेंद्र्याचं सांगून टाकलं.
तो बराच वेळ डबे मोजत होता.
फाटक उघडायला लागलं तेव्हा, मान न वळवता:
"दार तर तुमचं निघालं.
गिअरबॉक्सवाला कुठं असंल हो आता?"